पाणमांत्रिक

साठी ओलांडलेल्या माणसाने पन्नास गाठायचं मनावर घेतलं, तर घरचे लोक आधी डॉक्टरांना फोन करतात. बंबकाकांच्या घरी तसं झालं नाही. घरचे लोक म्हणजे एकट्या काकू, आणि त्या पडद्याच्या झालरीला टीप मारत होत्या. टीप अर्धवट टाकून काकू डॉक्टरांसाठीच काय, भूकंपासाठीही उठत नाहीत.

"पन्नास कसले?" त्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

"लेव्हल."

"बरं," काकू म्हणाल्या आणि कापड वळवलं.

बंबकाका अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते. दलाने त्यांना निवृत्त केलं, पण ही बातमी त्यांच्या हातांपर्यंत पोचली नव्हती. कोणाकडेही गेले तरी ते आधी स्वयंपाकघरात डोकावून गॅसचं बटण बघत, आणि मग यजमानांना नमस्कार करत. इमारतीतल्या पोरांच्या वाढदिवसाला त्यांना बोलावणं बंद झालं होतं, कारण पोराने गाल फुगवेपर्यंत काकांनी चिमटीत धरून सगळ्या मेणबत्त्या विझवलेल्या असत. वर "आता कापा निर्धास्त" असंही सांगत.

त्यांना पन्नासावी लेव्हल का हवी होती, ते आधी सांगायला हवं.

काकांची एकुलती मुलगी दुसऱ्या शहरात विमानतळावर नोकरीला होती, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. दिवसभर लोक येऊन तिला आधी आपल्या बॅगेचा रंग सांगत आणि मग स्वतःचा दाखवत. दर रविवारी ती घरी फोन करी. "जेवलात का? गुडघा कसा आहे? आईला द्या." काका म्हणत, "हो. आहे. देतो." इतकं हे संभाषण घोटून गुळगुळीत झालं होतं. त्यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. काहीच नव्हतं, हीच तर तक्रार होती.

मग ती रजेवर घरी आली. एका संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे गॅस बघायला निघाले, तेव्हा आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. मुलगी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि कडाडत होती.

"भिंत, डावीकडे सरक! डावीकडे! दाढदुखी, अरे झोपलास का? मला औषध कोण देणार, तुझा सासरा?" आणि मग ती हसली. खो खो, खुर्ची मागे रेलवून, हसता हसता ठसका लागेपर्यंत.

काका दारात उभे राहिले. हा आवाज आपल्याच घरात तयार झाला आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्या दिवशी गॅस बघायचा राहिला. दलात असते तर त्यांनी स्वतःलाच मेमो दिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्यांनी विषय काढला. "तुझ्या त्या टोळीत जागा आहे का?"

मुलीने कप खाली ठेवला. खेळाचं नाव सप्तशिखर. चार जणांची टीम. ती कप्तान, खेळातलं नाव तोफ. भिंत नावाचा ढालवाला खरा ग्रंथपाल होता. दाढदुखी जखमा बऱ्या करी, आणि तो खरा दातांचा डॉक्टर होता. चौथा गडी लग्न करून गेला, ती जागा रिकामी होती.

"पण पन्नास लेव्हलच्या खाली आम्ही कोणाला घेत नाही, बाबा."

"बापालाही?"

"बापाला तर मुळीच नाही. लोक म्हणतील, कप्तानाने घरचं माणूस घुसवलं."

काकांना हे ऐकून बरं वाटलं. दलात त्यांनी घुसवलेली माणसं पाहिली होती. ती शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरूनही पडत. "ठीक," ते म्हणाले. "पन्नास तर पन्नास."

जाण्याआधी मुलीने आपला जुना कॉम्प्युटर काकूंच्या कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडून दिला आणि काकांना खेळातला आपला मांत्रिक निवडायला बसवलं. पडद्यावर लाल झग्याचा एक तरुण उभा होता. त्याच्या दोन्ही हातांतून ज्वाळा निघत होत्या.

"हा घ्या. अग्निमांत्रिक. सगळे हाच घेतात, लेव्हल भराभर चढते."

"हा करतो काय?"

"पेटवतो."

"काय पेटवतो?"

"सगळंच. झाडं, झोपड्या, लांडगे."

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिने त्यांना दरोड्यात भागीदारी देऊ केली. मग त्यांचं लक्ष अगदी कडेला उभ्या असलेल्या फिकट निळ्या झग्याच्या इसमाकडे गेलं. त्याच्या हातात वाडगा होता आणि चेहऱ्यावर बदलीची वाट बघणाऱ्या कारकुनाचे भाव होते.

"हा?"

"तो पाणमांत्रिक. त्याला कोणी घेत नाही हो. त्याच्या पाण्याने कोणी मरत नाही, नुसतं भिजतं."

"हाच."

"बाबा, लोक हसतील."

"आग लागेपर्यंत पाण्याला सगळेच हसतात," काका म्हणाले. नाव काय ठेवायचं असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा त्यांनी एका बोटाने टाइप केलं: थेंब.

इथून काकांची नवी नोकरी सुरू झाली. नोकरीच म्हणायची, कारण ते सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी खुर्चीवर बसत, आणि बसताना पायांत बूट घालून नाड्या बांधत. स्लिपरवर ड्युटी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"युद्धाला निघालात वाटतं," काकू टाचण्या तोंडात धरून म्हणत.

"निघालो."

"येताना भाजी आणा."

खेळाचं गणित सोपं होतं. शत्रू मारला की पिवळी पट्टी थोडी भरते, ती पूर्ण भरली की एक लेव्हल चढते. मंत्र मारला की निळी पट्टी कमी होते, आणि ती संपली की मांत्रिकाचा नुसता ओल्या झग्यातला माणूस उरतो. तिसरी पट्टी लाल. ती संपली की तुम्ही संपलात. अग्निमांत्रिक एका फटक्यात अस्वल भाजून पुढे जात. थेंबाने पहिल्या सशावर पाणी मारलं, तेव्हा सशाने अंग झाडलं आणि तो पुन्हा गवत खाऊ लागला. काकांनी अर्धी सकाळ त्याच्यावर खर्च केली. अखेर ससा मेला, पण तो पाण्याने मेला की कंटाळून, हे सांगणं कठीण होतं.

येणारेजाणारे अग्निमांत्रिक थांबून टिंगल करत. "काका, झाडांना घालताय का पाणी?" काका उत्तर देत नसत. टाइप करायला वेळ लागे म्हणून नव्हे. ड्युटीवर बघ्यांशी बोलायचं नाही, असा दलाचा नियमच होता.

एका गोष्टीत मात्र थेंब सगळ्यांच्या पुढे होता. तो मरत नसे. कोणत्याही गुहेत शिरण्याआधी काका बाहेर पडायची वाट शोधून ठेवत. दोन वाटा असतील तर दोन्ही चालून बघत. एकच असेल तर आत जातच नसत. बाकीचे लोक खेळात उठसूट मरत आणि पुन्हा धावत येत. काकांना हे बेशिस्तीचं वाटे. माणूस एकदा मेला की त्याने जरा तरी विचार करावा.

आणि मग त्यांना ती पहिली शेकोटी दिसली.

रानात, एका वाळक्या देवदाराखाली. लाकडं छान रचलेली, जाळ कमरेइतका. आसपास चिटपाखरू नाही. काकांनी सगळ्यांना दिसेल असं टाइप केलं, "ही कोणाची आहे?" उत्तर आलं नाही. वर वाळकी फांदी, खाली वाळका पाला, आणि पेटवणारा गायब. काकांच्या कपाळावरची शीर उडाली. त्यांनी जाळाच्या मुळाशी पाणी मारलं, राख उलटून पुन्हा मारलं, वाफ थांबेपर्यंत उभे राहिले. आणि काय आश्चर्य, पिवळी पट्टी चांगली बोटभर पुढे सरकली.

"बघ," ते काकूंना म्हणाले, "ज्यांनी हा खेळ बनवलाय त्यांना थोडी तरी अक्कल आहे."

त्यानंतर काकांनी एकही शेकोटी सोडली नाही. तळ्याकाठच्या, खिंडीतल्या, पडक्या बुरुजाखालच्या. पट्टी सरकते म्हणून ते विझवत नव्हते, मागे हटली असती तरीही विझवल्या असत्या. पण सरकत होती, आणि पगार मिळतो म्हणून कोणी कर्तव्य टाकत नाही. महिन्यामागून महिने गेले. थेंबाचा झगा फिकट निळ्याचा गडद झाला आणि लेव्हल एकोणपन्नास झाली. मुलीला ते मुद्दाम सांगत नव्हते. पन्नास झाल्यावरच सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

रविवारी फोन आला.

"जेवलात का?"

"हो."

"गुडघा?"

"आहे."

पुढचं वाक्य "आईला द्या" हे होतं. काकांनी फोन अर्धा कानापासून काढलाही. पण पलीकडून सुस्कारा आला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही हो. गेममधलं."

"सांग की. मीही खेळतोच."

आणि मुलीचा बांध फुटला. सातवं शिखर राहिलंय. तिथल्या हिमराणीला अजून कोणीच हरवलेलं नाही. आमची टीम दर आठवड्याला जाते. आणि हल्ली एक मेला कोणीतरी उपटलाय, तो सगळ्या शेकोट्या विझवत सुटलाय. सगळ्या सर्व्हरवर त्याला विझव्या म्हणतात. त्याला पकडण्यावर इनाम लागलंय. दाढदुखीने तर त्याचे सगळे दात भूल न देता काढायची शपथ घेतलीय.

काका खुर्चीत सरसावून बसले. हा तोच आवाज होता, दाराआडून ऐकलेला, आणि या वेळी तो त्यांच्यासाठी होता. "अरे वा!" ते म्हणाले. "म्हणजे, काय हा हलकटपणा! मग पुढे?"

"पुढे काय, आमचं मुसळ केरात! परवा राणीचं अर्धं बळ संपवलं होतं. मी मेले, आणि उठते तर कुठे? थेट पायथ्याच्या गावात, वेशीपाशी, गाढवांच्या शेजारी!"

"गाढवांच्या? छे छे. सापडला की बडवा त्याला चांगला."

"बडवणारच."

"पण मला सांग," काका आनंदाच्या भरात म्हणाले, "शेकोटीचा आणि तुझ्या उठण्याचा संबंध काय?"

"असं काय करता बाबा? मेल्यावर आपण जवळच्या शेकोटीपाशीच जिवंत होतो ना? पेटती नसेल तर मग गाव."

"मेल्यावर?"

"मेल्यावरच. आधी कसं होणार?"

"मला नव्हतं माहीत," काका म्हणाले. "मी मेलोच नाही अजून."

"एकदाही नाही?" मुलगी हसली. "कमाल आहे तुमची. मी दिवसातून—"

"ती तुमची शेकोटी," काका हळूच म्हणाले, "निळ्या तळ्याच्या वर, खिंडीतली का? वाळक्या देवदाराखालची?"

"हो, तीच. तुम्हाला कसं..."

काकूंनी मशीनवरून मान वर केली. रविवारच्या फोनमध्ये शांततेला जागा नव्हती.

"बाबा, तुमची लेव्हल किती झाली?"

"एकोणपन्नास."

"पाणमांत्रिकाची? इतक्या थोड्या दिवसांत? कशी?"

काका खोटं बोलत नसत. सवय नव्हती, आणि या वयात नवीन शिकायला वेळ लागतो. "वाळक्या झाडाखाली पेटती टाकून गेले होते गं," ते म्हणाले. "कोणीच नव्हतं तिथे. मी विचारलं होतं."

पलीकडे मुलीने एक दीर्घ श्वास घेतला. सामानाच्या खिडकीवर ती असाच घेत असणार.

"आईला देऊ?" काकांनी विचारलं.

"नको. उद्या संध्याकाळी खेळात या. गावच्या सरायीत. टीमसमोर." आणि फोन बंद झाला.

काका फोन हातात धरून बसून राहिले. जागा गेली, हे त्यांना कळत होतं. एका लेव्हलच्या अंतरावर, तेही स्वतःच्या हाताने.

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

"बोलावलंय."

"मग जा. तोंड लपवून बसलात तर आयुष्यभर जेवलात का, गुडघा कसा, तेच ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी काकांनी बुटांना पॉलिश केलं आणि हेडफोन कानाला लावले. सरायीत तिघं बसले होते. दारभर ढाल घेतलेला भिंत, पांढऱ्या झग्यातला दाढदुखी, आणि मधे चिलखत घातलेली तोफ.

"विझवल्या का?" तोफेने विचारलं.

"विझवल्या. दिसल्या तेवढ्या सगळ्या."

"काका," दाढदुखी म्हणाला, "तुमच्यामुळे मी ते गाव इतकं बघितलंय, की तिथली गाढवं आता मला नावाने ओळखतात."

"चूक झाली. माफ करा."

"पण विझवायच्या कशाला? खेळ आहे हा!"

"सुरुवातीला आग खेळच असते," काका म्हणाले.

"मी म्हणतो हाकला," दाढदुखीने कप्तानाला सांगितलं. "तुझे वडील आहेत म्हणून नव्हे. म्हणजे, असूनही."

तेव्हा भिंत बोलला. ढालीच्या मानाने त्याचा आवाज फार बारीक होता, ग्रंथालयात आयुष्य गेलेला. "एक सुचवू? सातव्या शिखरावरची आपली शेकोटी विझव्याने नाही विझवली, तरी राणीच्या बर्फाने विझतेच. दर वेळी, लढाईच्या मध्यावर. म्हणून तर कोणी जिंकत नाही. हे गृहस्थ पाण्याचे मांत्रिक आहेत. बर्फ म्हणजे पाणीच. उभं करा यांना शेकोटी राखायला. शिक्षेची शिक्षा, कामाचं काम."

मग तोफेचा आवाज आला, अगदी कप्तानाचा. "ऐका, थेंब. तुम्ही टीममध्ये नाही. फक्त पहारा. पन्नासावी लेव्हल करायची ती एकही शेकोटी न विझवता करायची. आणि तुमच्या हातून त्या जाळावर पाणी पडलं, तर राणीच्या आधी मी तुम्हाला मारेन. मान्य?"

"मान्य, कप्तान," काका म्हणाले. धमकी मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस दाढदुखीने दातांच्या खुर्चीतही पाहिला नव्हता.

काका रोज संध्याकाळी सातव्या शिखराच्या खिंडीत जाऊन सराव करू लागले. पाणमांत्रिकाकडे शोष नावाचा एक मंत्र होता, पाणी ओतायचा नव्हे, ओढून घ्यायचा. तो कोणी वापरत नसे, कारण शत्रूला कोरडं करून मिळणार काय? काका शेकोटीशेजारी उभे राहत, बर्फ पडू लागला की शोषचं बटण दाबून धरत. क्षणभर सगळं कोरडं होई. मग निळी पट्टी संपे, बर्फ पडे आणि शेकोटी जाई. पुन्हा लाकडं रचायची, पुन्हा उभं राहायचं. समोर जाळ, हातात पाणी, आणि मारायचं नाही. सगळा जन्म ज्या बोटांनी नळी धरली ती बोटं शिवशिवत. काकांनी उजवा हात डाव्याने धरून ठेवला आणि तसाच सराव चालू ठेवला.

काकू एका संध्याकाळी त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

"बर्फातलं पाणी ओढतोय. पुरत नाही. पट्टी संपते."

"एवढ्या मोठ्या पडद्याला असं एका दमात पिळतात का कधी? मनगटं जातील." त्यांनी दोन्ही हातांनी हवेतच पिळून दाखवलं. "थोडं पिळायचं, सोडायचं. थोडं पिळायचं, सोडायचं. सगळा कोरडा कशाला हवा, टपकायचा थांबला की झालं."

काकांनी बटण दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं आणि सोडलं. शेकोटी फुरफुरली, धुरकटली, पण राहिली. निळी पट्टी मधल्या सवडीत आपोआप भरत होती. काकू परत मशीनवर जाऊन बसल्या. "आणि त्या बुटांनी फरशी खराब होतेय," त्या म्हणाल्या.

लढाईच्या दिवशी काका ठरल्या वेळेच्या आधीच खिंडीत हजर होते. टीम वर शिखराकडे निघाली, आणि काका शेकोटीजवळ थांबले. त्यांना राणी दिसत नव्हती. दिसत होता तो जाळ, वरून येणारा बर्फ, आणि कानात आवाज.

"भिंत, ढाल वर! वर म्हणजे डोक्यावर, छत्रीसारखी नाही!"

"धरली आहे, कप्तान."

"दाढदुखी, मला औषध!"

"रांगेत या!"

"रांगेत? मी मरतेय!"

आणि ती मेली. काकांच्या शेजारी बर्फातून चिलखत उभं राहिलं. तोफेने शेकोटीकडे पाहिलं, थेंबाकडे पाहिलं, आणि पुन्हा वर धावली. थोड्या वेळाने दाढदुखी उगवला. "अरे! गाढवं नाहीत!" तो म्हणाला, आणि तोही धावला.

मध्यावर बर्फ वाढला. खिंडीत काही दिसेना. आडवा वारा शेकोटीवर बर्फाच्या मुठी फेकू लागला. दाबा, सोडा. दाबा, सोडा. जाळ बसत बसत निखाऱ्यांवर आला. काकांच्या मनगटातून कळ निघाली. त्यांनी हात बदलला. डाव्या हाताला बटण सापडेना, एक ठोका चुकला, आणि एका बाजूचे निखारे काळे पडले. काकांनी थेंबाला वाऱ्याच्या बाजूला आणून उभं केलं, पाठ बर्फाकडे करून. आता बर्फ थेंबावर पडत होता आणि त्याची लाल पट्टी उतरत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. दाबा, सोडा. भिंत उगवला, "आभारी आहे" म्हणाला आणि गेला. तोफ उगवली आणि गेली. पुन्हा उगवली.

"राणीचं शेवटचं राहिलंय!" वरून ओरडा आला. "एका घावाचं काम आहे!"

"कप्तान, थांब!" हा दाढदुखी होता. "घाव घालू नकोस. आधी काकांना टीममध्ये ओढ. बटण दाबायचं फक्त. राणी मेली की त्यांचीही पिवळी पट्टी भरेल, पन्नास होऊन जाईल त्यांची! माझी हरकत नाही, खरंच नाही."

"माझीही नाही," भिंत म्हणाला. "पण लवकर ठरवा. ढाल तडकतेय."

मग आवाज आला. तो कप्तानाचा नव्हता, रविवारचाही नव्हता. "बाबा... घेऊ?"

काकांच्या समोर पिवळी पट्टी होती. अगदी थोडी रिकामी. ज्या जागेसाठी एवढं केलं, ती एका बटणावर आली होती. काकांनी शोषचंच बटण दाबलं आणि सोडलं.

"नियम काय आहे, कप्तान?"

"पन्नास."

"माझी किती?"

"एकोणपन्नास."

"मग मला काय विचारता? घाला घाव!"

राणी कोसळली. त्या आरोळीने हेडफोन फाटतो की काय असं वाटलं. बर्फ थांबला. तिघांवर सोनेरी उजेड पडला. खिंडीत थेंब तसाच उभा होता, लेव्हल एकोणपन्नास, आणि शेकोटी जळत होती. सवयीने काकांचा हात पाण्याच्या बटणाकडे गेला. तो त्यांनी उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला.

उरलेली लेव्हल काकांनी दलदलीत केली, खेकड्यांवर. पाण्याने खेकडे मारण्यात शहाणपण नाही, पण दलदलीत शेकोट्या नव्हत्या. खेकड्याला बुडवणं अशक्य, म्हणून काका शोष लावून त्याला चिखलासकट वाळवत. वाळायला खेकडा फार वेळ घेई. मधल्या काळात फोन येत. आता मंगळवारीही येत.

"किती झाले?"

"आज चार वाळले. एक पळाला."

"खेकडा पळाला? तिरका पळाला असेल."

"तिरकाच. आमच्या साहेबांसारखा."

आणि पलीकडे ठसका लागेपर्यंत हसू. काकू मशीनवरून विचारत, "मला द्यायचा की नाही आज?" काका म्हणत, "थांब गं, महत्त्वाचं चाललंय."

एका दुपारी, कोणी बघत नसताना, एका मध्यम आकाराच्या खेकड्यावर पट्टी भरली. तुतारी वाजली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पन्नास."

"अभिनंदन. ती कात्री द्या इकडे."

संध्याकाळी काका सरायीत हजर झाले. कप्तानाने त्यांना बसू दिलं नाही.

"नाव?"

"थेंब."

"लेव्हल?"

"पन्नास."

"शेवटच्या लेव्हलमध्ये शेकोट्या किती विझवल्या?"

"एकही नाही. एक दिसली होती, बिनमालकाची. मी शेजारी बसून राहिलो, मालक येईपर्यंत."

"मग?"

"त्याला थोडं बोललो."

दाढदुखी खोकला. भिंत ढालीमागे गेला. "टीममध्ये घेतलं," तोफ म्हणाली. "चला, उठा. नवीन गुहा उघडली आहे. थेंब, तुम्ही माझ्या मागे. मी सांगेन तिकडे, सांगेन तेव्हा. कळलं?"

"कळलं."

गुहेला बाहेर पडायची वाट एकच होती. काका दारात घुटमळले.

"थेंब! आत या!"

ते आत गेले. अंधारात काहीतरी मोठं हललं. भिंतीने ढाल रोवली, दाढदुखी किंचाळला, काका डावीकडे वळले, आणि हेडफोनमधून असा कडकडाट झाला की पलीकडे मशीनवर बसलेल्या काकूंनाही तो स्पष्ट ऐकू आला.

"उजवीकडे म्हटलं ना, उजवीकडे! अरे थेंब, उजवा हात माहीत आहे का, की तोही निवृत्त झाला?"

काकूंनी मशीन थांबवलं. टीप अर्धवट राहिली.

"कोणाला बोलतेय एवढं?"

"मला," काका म्हणाले, आणि उजवीकडे वळले.